चाळीस कुठून मोजायचे

प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा मी
आलुबुखारे उकळत होते, मुरंब्याचे.
सेल्मा आधी हवापाणी विचारते, नेहमीच.
मग म्हणाली, "झुम्राबाई, आणखी एक सापडलं.
डाव्या हाताचं. कोपरापासून मनगटापर्यंत."

हासिब, अकरा वर्षांपूर्वी पुरलं तुला,
हिरव्या कापडाखाली, इतका हलका
की खांदा देणारे एकमेकांकडे बघेनात.
निम्माच होतास.
बाकीचा तू दुसऱ्या खड्ड्यात,
यंत्रानं रातोरात हलवलेला,
आणि तिथूनही काही तिसऱ्यात.

हाफिज मुनिब सांगतात,
माती लोटून माणसं परत फिरली
की त्यांच्या पावलांचा आवाज मेलेल्याला ऐकू येतो.
मग येतात दोघं, मुन्कर आणि नकीर.
उठवून बसवतात. विचारतात,
तुझा पालनकर्ता कोण, तुझा धर्म कोणता,
तुझा पैगंबर कोण.

मी म्हटलं, बसवतात कुठे?
ज्याच्या मांड्या टेकडीपलीकडे
आणि बरगड्या द्रिनाकाठी, त्याला कुठल्या खड्ड्यात?
आणि परतीची पावलं म्हणाल
तर ती बुटांची होती.
ट्रकचं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं त्यांनी.

हाफिजांनी फिंजान हातात फिरवलं, गाळ बघितला.
म्हणाले, समुद्रात बुडालेल्याला,
लांडग्यानं खाल्लेल्यालाही विचारतात ते.
त्यांना पत्ता लागतो.

मला बरं वाटलं. मग रात्री राग आला.
म्हणजे पत्ता होता.
मी दारोदार रक्त देत हिंडत होते,
छावणीच्या भिंतींवरच्या याद्या वाचत होते,
आणि दोघांना पहिल्याच संध्याकाळी ठाऊक होतं
तू कुठेकुठे आहेस ते.

सातव्या दिवशी बायका जमतात पठणाला,
मग चाळिसाव्या, मग सहामाहीला, मग वर्षाला.
चाळीस कुठून मोजायचे?
जुलैतल्या त्या दुपारपासून,
की कवटी सापडली तिथून,
की आज, या मनगटापासून?
तुझ्या आईनं मोजलेच नाहीत.
कैदेत असेल, म्हणायची. सायबेरियात असेल.
दर ईदला तुझ्या बुटांना तेल लावायची.

तिथे म्हणे नवं कुणी पोचलं
की आधीचे त्याच्याभोवती जमतात,
घरचं विचारतात,
अमकीचं लग्न झालं का, तमका कसा आहे.
ती पोचली तेव्हा तूही आला असशील घाईघाईनं.
मला तोच क्षण सोसत नाही, हासिब.
तिला कुणीच सांगितलं नव्हतं.
तुला तिथे बघूनच कळलं असणार तिला.

बरझख म्हणजे पडदा, दोन समुद्रांच्या मधला,
एकाचं पाणी गोड, दुसऱ्याचं खारं.
मला मात्र सेल्माच्या खोलीतली फळी दिसते.
थंड. त्यावर कागदी पिशव्या,
पिशव्यांवर आकडे.
उठल्यावर म्हणे विचारतील, किती राहिलात मधे?
आणि सगळे म्हणतील, एक दिवस,
किंवा दिवसाचा काही भाग.
म्हणतील बापडे. त्यांनी कुठे मोजलंय.

सेल्मा विचारत होती,
आणखी काही सापडेपर्यंत ठेवायचं,
की कबर उघडून आताच आत?
डावा हात.
माझ्या मानेखाली असायचा. मुंगळे यायचे त्याला,
तरी काढून घ्यायचा नाहीस.
म्हटलं, आताच.

फोन ठेवला तोवर मुरंबा तळाला लागला होता.
खरवडून खाल्ला उभ्यानंच, कडूगोड.

तर गुरुवारी तुझी माती हलेल. दचकू नकोस.
बायका कुंपणाबाहेर थांबतात आमच्याकडे,
मी थांबणार नाही, हाफिजांना सांगून ठेवलंय.
मग सगळे परत फिरतील, आणि सगळ्यात शेवटी
एक पाऊल नीट, एक ओढत, उजवा गुडघा गेलाय माझा,
अशी एकजण जाईल कबरीपासून फाटकापर्यंत.
कान देऊन ऐक.
पुष्कळ वेळ लागेल तिला.